पॉलिसीताईची बॅग

त्या दिवशी ताई दुपारी जेवायला आलीच नाही. सकाळी मी तिच्या बॅगेचा डावा पट्टा शिवून दिला होता, उसवत आला होता म्हणून. काळा दोरा संपलेला, मग हिरव्यानंच शिवला. ती दारात एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती. म्हणाली, "घट्ट शिवलायस ना? नाहीतर भर रस्त्यात अब्रू जाईल माझी."

मी म्हटलं, "तुझी अब्रू काय त्या बॅगेत आहे?"

"मग कुठं आहे?" असं म्हणाली आणि गाडीला किक मारून गेली. झालं, एवढंच. पुढं आमचं काही बोलणं झालं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला अहो-जाहो करायचे. पहिल्याच आठवड्यात तिनं दटावलं, म्हणाली, मला तुम्ही म्हणालीस की मला वाटतं मी उसने पैसे मागायला आलेय, तू म्हण. तेव्हापासून तू. एका घरात, एका चुलीवर इतकी वर्षं काढली आम्ही. भांडलो पण. पण ती बाहेर निघाली की तिची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारातून हलत नसे.

ती घरपोच सामान पोचवायची. मोटरसायकलवर. जेवण, औषधं, किराणा, जी ऑर्डर पडेल ती. त्या दुपारी केकची होती. बँकेच्या पुढं तो उतार आहे, तिथं कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार आतल्या माणसानं मागं न बघता उघडलं. ताईनं दार चुकवायला गाडी मध्ये घेतली, आणि मधून एक प्लंबर रस्ता ओलांडत होता, खांद्यावर पाइप घेऊन. दोघंही पडले. त्याचा उजवा हात मोडला, कोपराच्या खाली. ताई उठून बसली. रक्त नाही, खरचटलं पण नाही फारसं. बघणारे म्हणाले बाई वाचली.

ती सरकत सरकत त्या प्लंबरजवळ गेली. तो ओरडत होता, माझा कामाचा हात आहे, माझा कामाचा हात आहे. ताई त्याला म्हणाली, "दादा, घाबरू नका. माझी पॉलिसी आहे. साधी नाही, कामाची आहे. तुमचा हात बरा होईपर्यंत सगळं होईल. मी सांगते ना."

मग म्हणाली, मला जरा पडू दे. आणि पडली ती पडलीच. पोटात आत रक्त झालं होतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा बोलत नव्हती. संध्याकाळी ती गेली.

आता ती असं का बोलली, हात मोडलेल्या माणसाला पाणी नाही, सॉरी नाही, आधी पॉलिसी, हे कळायला मागचं सांगावं लागेल.

आधी आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, हेच काम करायचे. तेव्हा ताई घरीच असायची. भावजींनी एका सायकलवाल्याला धडक दिली. कॉलेजातला मुलगा होता तो, त्याची मांडी मोडली. भावजींचं पाऊल वाकडं झालं ते कायमचंच. आता रायडर लोकांची एक पद्धत आहे. कुणी पडलं की जो पहिला पोचेल तो पाणी नंतर देतो, आधी पाठीवरची बॅग काढून पळवतो. दुसरा त्याच्या फोनवरून ॲपवरची ऑर्डर सोडून देतो, ती मग तिसरा घेतो. का, तर बहुतेकांची पॉलिसी साधी असते. स्वतःच्या वापराची. बाजारात जा, नातेवाइकांकडे जा, चालतं. पण पैसे घेऊन दुसऱ्याचं सामान पोचवताना पडलात तर ती पॉलिसी हात वर करते. म्हणून बॅग गायब. विमा कंपनीचा सर्व्हेअर चौकशीला येईपर्यंत माणूस आपला भाजी आणायला निघालेला असतो.

भावजींचीही बॅग काढली होती मित्रांनी. तरी कंपनीनं शोधून काढलं, आणि काहीच दिलं नाही, ना ह्यांना ना त्या मुलाला.

मग त्या मुलाचा बाप आमच्याकडे यायला लागला. आमच्या दारात दोन पायऱ्या आहेत, खालच्या पायरीवर येऊन बसायचा. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही पण दिल्या असत्या, मोकळे झालो असतो. तो नुसता बसायचा. ताई पाणी द्यायची, तो प्यायचा, तांब्या उलटा ठेवायचा आणि जायचा. भावजी आत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवढं जमलं तेवढं दिलं आम्ही, गाडी पण विकली, पण त्याचं यायचं काही थांबलं नाही. पुढं कधीतरी तो आपणच यायचा बंद झाला. ताई मला म्हणाली, "तो येत नाही म्हणून बरं वाटतंय मला, आणि बरं वाटतंय त्याची लाज वाटतेय."

मग तिनं ठरवलं, मी गाडी चालवणार. भावजी म्हणाले, तुला सायकल तरी येते का. तर म्हणाली, तुम्हाला येत होती ना, काय उपयोग झाला. अशी होती. गोदामांच्या मागं मोकळी जागा आहे तिथं शिकली. भावजी दगडावर पाय लांब करून बसायचे आणि तिथून ओरडायचे, क्लच, क्लच. ती तिकडून ओरडायची, ऐकू येतंय, माझा कान नाही मोडला. स्कूटर घे म्हणालो, हलकी असते, तर नाही. जुनी मोटरसायकल घेतली. म्हणाली, जी ह्यांनी विकली तशीच पाहिजे.

गाडी दारात आली, आणि चार दिवस तशीच उभी. मी विचारलं, आता काय मुहूर्त बघतेस का. म्हणाली, कागद येऊ दे.

पॉलिसी काढायला मी बरोबर गेले होते. खिडकीतला माणूस तसा चांगला होता. म्हणाला, "बाई, साधी घ्या. स्वस्त पडते. सगळे तीच घेतात."

"सगळे पडतात तेव्हा तुम्ही असता का उचलायला?"

तो हसला. म्हणाला, कामाची घेतली तर ती फक्त कामावर असतानाच लागू होते, आणि महाग किती आहे बघा.

ताई म्हणाली, "कामाशिवाय मी गाडीला हात लावणार नाही. मी काय करते ते लिहा. लोकांचं सामान लोकांच्या दारात पोचवते, पैसे घेऊन. रोज. ह्यातलं काही गाळू नका."

त्यानं आत जाऊन कुणालातरी विचारलं. बाहेर आला आणि म्हणाला, ह्या ऑफिसात अशी मागायला पहिल्यांदाच कुणी आलंय. ताईची मान अशी झाली होती ना तेव्हा. घरी येईपर्यंत तिनं ती खाली केली नाही. त्या पैशांसाठी तिनं आठवड्याची सुट्टी सोडली, आणि खरंच, कधी मला मागं बसवून दुकानात नेलं नाही. मी म्हणायचे, एवढी गाडी दारात आणि मी पिशव्या उचलत चालतेय. तर म्हणायची, ऑर्डर टाक, मग आणून देते.

आणि कामाला कशी होती. तिच्या बॅगेत तळाला मी शिवलेली गादी, बाजूनं जुनी चादर, आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. सूप सांडलं नाही कधी तिच्या हातून. जिन्यात दिवा नसला तरी वर जायची. कुत्र्यांची नावं तिला माहीत असायची, मालकांची नाही.

रायडर लोकांचा अड्डा म्हणजे पंक्चरवाल्याचं दुकान. ऑर्डर नसली की तिथं सगळे गाड्यांवर बसलेले असतात. मला त्यांचे कपडे यायचे, उसवलेलं शिवायला, पँटची उंची कमी करायला, म्हणून मी पण जायचे. ताई दिसली की कुणीतरी म्हणणारच, "पॉलिसीताई आली रे, पळा." तिला राग नव्हता त्याचा. ती गाडी लावायची आणि एकेकाला धरायची.

एक जण आहे, बारा महिने गळ्यात मफलर. सगळे त्याला मफलरच म्हणतात. त्याच्यावर तिचा विशेष डोळा. "मफलर, स्वतःच्या गळ्याला एवढा जपतोस, समोरच्याच्या हाडांना कोण जपणार?"

"ताई, पुढच्या महिन्यात काढतो."

"पुढच्या महिन्यात धडकणार आहेस का? तसं ठरलं असेल तर राहू दे."

मग सगळे हसायचे. मफलर म्हणायचा, ताई, आपलं नशीबच साधं, तर पॉलिसी कामाची कशी असेल. आणि ती मग हसणं थांबवून म्हणायची, "पॉलिसी आपल्यासाठी नसते रे. ज्याला आपण धडकणार तो पण आज सकाळी जेवून निघालाय घरातून. त्याला माहीत नाही आपण येतोय." आणि शेवटी हे ठरलेलं, "मी पडले तर माझ्या बॅगेला हात लावायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते." हो ताई, हो ताई, म्हणायचे सगळे. कितीदा सांगितलं असेल तिनं.

ती गेल्यावर काही दिवसांनी सर्व्हेअर घरी आला. तरुण होता, चप्पल बाहेर काढून आला, आवाज हळू. त्यानं भावजींना विचारलं, त्या दिवशी त्या कामावर होत्या का. भावजी म्हणाले, म्हणजे काय. त्यानं पोलिसांचे फोटो दाखवले. गाडी आहे, हेल्मेट आहे, पाइप आहे. बॅग नाही.

"आणि ऑर्डर त्यांनी सोडून दिली होती," तो म्हणाला. "फोनमध्ये तशी वेळ आहे. पोलिसांच्या कागदावर अपघाताची वेळ त्याच्या नंतरची आहे. म्हणजे काम सोडून त्या कुठंतरी चालल्या होत्या. ही पॉलिसी कामावर असतानाच लागू होते."

पोलिसांनी वेळ अंदाजानं लिहिलेली, येऊन विचारून. पण कागद म्हणजे कागद. मी म्हटलं, अहो, ती बॅग घेऊन गेली, मी सकाळी पट्टा शिवून दिलाय. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही सकाळचं सांगताय. मी म्हटलं, त्या प्लंबरला विचारा. म्हणाला, विचारलं, ते म्हणतात पाठीवर काहीतरी होतं. पण त्यांचा फायदा आहे ना त्यात, त्यांचं एकट्याचं धरत नाहीत. त्याचं पण खोटं नव्हतं. तो गेला तेव्हा भावजी तसेच बसून होते. म्हणाले, "माझ्या वेळी बॅग होती म्हणून नाही मिळालं. तिच्या वेळी बॅग नाही म्हणून नाही मिळणार."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर खालच्या पायरीवर माणूस बसलेला.

हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. प्लंबर होता. भावजींनी आतून बघितलं आणि तोंड वळवलं. मी पाणी दिलं. तो प्यायला, डाव्या हातानं, थोडं सांडलं.

म्हणाला, "भांडायला नाही आलो. तुमचं माणूस गेलंय, मी कशाला भांडू. पण बाई मला म्हणाल्या होत्या, पॉलिसी आहे, सगळं होईल. आता कंपनीवाले म्हणतात होणार नाही. मी फक्त विचारायला आलो, त्या उगाच म्हणाल्या होत्या का? मला धीर द्यायला?"

मरताना बाई खोटं बोलली असं त्याला वाटतंय. त्याच्या हाताचं काय व्हायचं ते होईल, पण हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "दादा, ती असं कधी उगाच बोलली नाही. मी बघते."

तो उठला. जाता जाता म्हणाला, "नळ गळतोय तुमचा. आवाज येतोय." आणि स्वतःच्या प्लास्टरकडे बघत निघून गेला.

मी तशीच पंक्चरवाल्याकडे गेले. घरातली चप्पल होती पायात. सगळे होते तिथं. मला बघून गाड्यांवरून उतरले. ताई गेल्यापासून मला बघितलं की उतरायचे ते, मला कसंतरी व्हायचं.

मी विचारलं, "ताईची बॅग कुठं आहे?"

पंक्चरवाला उगाच ट्यूब पाण्यात बुडवायला लागला, तिला भोक पण नसेल.

"अरे, बॅग कुठं आहे तिची?"

मफलर म्हणाला, "वहिनी, आम्ही चांगल्यासाठीच केलं."

मग सांगितलं त्यानं. तो आणि चष्मा ताईच्या मागंच सिग्नलला होते. चष्मा म्हणजे चष्मेवाला रायडर, अंगानं बारीक. धावत गेले. ताई प्लंबरशी बोलत होती, ह्यांच्याकडे पाठ होती. मफलरनं मागून क्लिप खेचली, ती तुटली, आणि बॅग ओढून घेतली. ताईनं हात सैल सोडले, तिला वाटलं असेल पाठ मोकळी करतोय. बॅग चष्म्याकडे दिली. मग ताईचा फोन घेतला, ऑर्डर सोडली, चष्म्यानं ती घेतली आणि तोच केक पोचवून आला. बॅग मग पंक्चरवाल्याच्या माळ्यावर टाकली, जुन्या टायरच्या मागं.

मी म्हटलं, "तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला. ह्याच जागेवर उभी राहून."

"वहिनी, डोक्यात नव्हतंच काही. ती पडलेली दिसली आणि हात आपोआप गेला." त्यानं हात पुढं करून दाखवला, जसा दुसऱ्या कुणाचा आहे. "इतक्या जणांच्या काढल्यात ना."

मी तिथंच टायरवर बसले. ह्यांनी जीव लावून केलेलं, आणि त्यानंच तिचा शब्द मोडला.

चष्मा म्हणाला, आता जाऊन सांगितलं तर आपलीच चौकशी लागेल. सगळ्यांच्या पॉलिसी काढून बघतील. तिसरा म्हणाला, ॲपवाले काम बंद करतील, दुसऱ्याच्या फोनला हात लावला म्हणून. त्यांचं पण खरं होतं, घरं आहेत त्यांची. बॅग द्या म्हटलं फक्त, मी एकटी जाते. पंक्चरवाल्यानं ती खाली काढून दिली, फडक्यानं पुसून. एका बाजूनं पार घासली गेली होती, क्लिप तुटलेली. पण पट्टा तसाच. हिरवा टाका एक पण सुटला नव्हता.

मी ती पाठीला लावून निघाले. कुणी थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विमा कंपनीच्या ऑफिसला पोचले तर बाहेर मफलर उभा. पाठीवर स्वतःची बॅग. मला म्हणाला, "ताई स्वप्नात आली असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी दिल्या असत्या. आलीच नाही. चला." आणि मागून चष्मा आला, आणि आणखी काही जण. तोंडं अशी की जणू दात उपटून घ्यायला आलेत.

दारातला वॉचमन म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या दारानं."

मफलर म्हणाला, "डिलिव्हरीच आहे काका. पण पत्ता पुढच्या दाराचा आहे."

सर्व्हेअरच्या टेबलावर मी बॅग ठेवली. त्यानं बघितली, हात लावला, माती निघाली थोडी. त्यानं मफलरला विचारलं, "तुम्ही लपवलीत?"

"हो."

"का?"

"आम्ही लपवतोच. सगळेच."

मागं कुणीतरी खोकलं. सर्व्हेअरनं पेन उचललं. "असं लिहून द्याल?"

"तुम्ही लिहा, मी सही करतो."

"तुमची स्वतःची पॉलिसी कुठली आहे?"

"साधी."

"हे लिहून दिल्यावर उद्या तुम्ही पडलात तर काय होईल, माहीत आहे?"

"म्हणून म्हणतोय, आधी ताईचं लिहून घ्या."

सर्व्हेअर म्हणाला, पण बॅग त्या वेळी त्यांच्याच पाठीवर होती, तुम्ही नंतर आणलेली नाही, ह्याला काय. सगळे मित्रच आहात. तेव्हा चष्म्यानं फोन काढला. सामान पोचवलं की दारात ठेवून फोटो काढावा लागतो, तो ॲपकडे जातो, वेळेसकट. त्यानं तो केकचा फोटो दाखवला. पायपुसण्यावर केकचा खोका, एकही कोपरा दबलेला नाही. आणि कडेला अर्धी बॅग, त्यानं घाईत खाली टेकवलेली. मी म्हटलं, मोठा करा. त्यानं दोन बोटांनी मोठा केला. घासलेली बाजू, तुटलेली क्लिप, आणि पट्ट्यावर हिरवा दोरा.

मी टेबलावरच्या बॅगेचा पट्टा वर धरला. म्हटलं, "हा टाका त्याच दिवशी सकाळचा आहे. काळा दोरा संपला होता माझा. माझ्या घरी हिरवं रीळ आहे, आणू का?"

तो फोटोकडे बघत होता, मग पट्ट्याकडे. म्हणाला, नको. मग म्हणाला, "केक चेपला नाही?"

चष्मा म्हणाला, "ताईनं बांधला होता."

आम्हा सगळ्यांच्या माना त्या वेळी तशा झाल्या असतील, जशी तिची झाली होती.

लगेच काही झालं नाही. फेऱ्या झाल्या, फोन झाले, केक मागवणाऱ्या घरी जाऊन सर्व्हेअरनं विचारलं, पोलिसांकडून वेळ नीट लिहून आणली. रायडरांची थोडी चौकशी झाली, चष्म्याचं काम काही दिवस बंद ठेवलं ॲपनं, त्या दिवसांत त्याचा डबा आमच्याकडून जायचा. पण झालं. प्लंबरच्या हाताचा दवाखाना, पुढचं ऑपरेशन, घरी बसून आहे त्याचे पैसे, सगळं पॉलिसीतून. जसं ती म्हणाली होती तसं.

तो परत आला सांगायला. पायरीवर बसायला लागला तर भावजी स्वतः उठून बाहेर आले, लंगडत, आणि म्हणाले, "पायरीवर नको. आत या." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या पायरीकडे बघितलं असेल. आत आल्यावर तो गळका नळ बघून प्लंबरला काही राहवेना. खुर्चीवर बसून तो सांगत होता आणि भावजी पान्हा घेऊन नळाशी झटत होते. डावीकडे फिरवा, अहो डावीकडे, तुमची डावी. मी पदर तोंडाला लावला. क्लच, क्लच आठवलं.

जाताना तो म्हणाला, "मी घरी सगळ्यांना सांगतो, बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं."

भावजी म्हणाले, "हो. ती म्हणायची ते करायची." आणि मग नळ पुन्हा एकदा उघडून, बंद करून बघितला.

परवा मी पंक्चरवाल्याकडे गेले होते, एका रायडरची पँट द्यायला. कोपऱ्यावर बांधकामाची वाळू सांडलेली आहे. एक नवीन रायडर वळताना त्यावरून घसरला, आमच्या डोळ्यांदेखत. गाडी एकीकडे, तो एकीकडे. सगळे धावले. चष्मा पुढं होता. तो पोचला, वाकला आणि त्याचा हात सरळ त्या माणसाच्या पाठीकडे गेला, क्लिपवर.

तो खाली बसलेला म्हणाला, "बॅग राहू दे. माझी कामाची आहे."

चष्म्यानं दोन्ही हात वर केले, तसेच धरले हवेत थोडा वेळ. मफलर मागून म्हणाला, "ऐकलंस ना? पाणी दे आधी." मग चष्म्यानं खाली बसून त्याच्या बॅगेवरची वाळू झटकली आणि पंक्चरवाल्याला हाक मारली, पाणी आण म्हणून.